झेलियांगरोंग नागा: एका जोडनावाची आणि तीन राज्यांत विभागलेल्या समाजाची ओळख

'नागा' हा शब्द ऐकला की बहुतेकांना नागालँड आठवतं आणि त्यासोबत धनेशाची पिसं खोवलेला शिरपेच घातलेला, हातात भाला घेतलेला माणूस. प्रत्यक्षात नागा ही एक जमात नाही. अंगामी, आओ, सुमी, लोथा, कोन्याक, तांगखुल, माओ, पौमाई अशा अनेक जमातींचं ते सामायिक नाव आहे. या जमाती नागालँडशिवाय मणिपूर, आसाम, अरुणाचल प्रदेश आणि सीमेपलीकडे म्यानमारमध्येही राहतात. त्यांच्या भाषा वेगळ्या आहेत. दोन शेजारच्या जमातींच्या माणसांना एकमेकांचं बोलणं समजेलच असं नाही. 'नागा' हा शब्दही मुळात बाहेरच्यांनी दिलेला. तो कुठून आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तरीही गेल्या शंभर वर्षांत या जमातींनी तो आपला म्हणून स्वीकारला.

या मोठ्या छत्रीखाली एक छोटी छत्री आहे: झेलियांगरोंग. हे नाव तर १९४७ च्या आधी अस्तित्वातच नव्हतं. एखादा समाज स्वतःची ओळख कशी घडवतो आणि ती ओळख सरकारी कागदात बसवताना काय काय होतं, हे समजून घ्यायला झेलियांगरोंगांइतकं बोलकं उदाहरण ईशान्य भारतात क्वचितच सापडेल.

नाव कसं तयार झालं?

'झेलियांगरोंग' हे जोडनाव आहे. झेमे, लियांगमाई आणि रोंगमेई या तीन जमातींच्या नावांचे पहिले भाग जोडून ते बनवलं गेलं: झे + लियांग + रोंग. नावांच्या शेवटी येणाऱ्या 'मे', 'माई', 'मेई' या प्रत्ययांचा अर्थ 'माणसं' किंवा 'लोक' असा. त्यामुळे ते गाळून उरलेलं जोडलं गेलं. १५ फेब्रुवारी १९४७ रोजी इंफाळमधल्या केइशामथोंग इथे या जमातींच्या प्रतिनिधींची बैठक झाली आणि झेलियांगरोंग कौन्सिल स्थापन झाली. हे नाव तिथूनच रूढ झालं.

इनपुई ही चौथी जमातही याच कुळातली मानली जाते. तिच्या नावाचं एकही अक्षर मात्र जोडनावात आलं नाही. जोडनावांचं असं होतंच. चार भावंडांत तिघांची नावं घराच्या पाटीवर लागली तर चौथ्याला काय वाटेल, हा प्रश्न पुढे अनेक वर्षं अधूनमधून डोकं वर काढत राहिला.

पण मुळात नवीन नावाची गरज का पडली? कारण त्याआधी या लोकांना दुसऱ्यांनी दिलेल्या नावांनी ओळखलं जात होतं. इंफाळच्या खोऱ्यातले मैतेई लोक रोंगमेईंना 'काबुई' म्हणत आणि ब्रिटिशांनी तेच नाव दप्तरात घेतलं. झेमे आणि लियांगमाईंना त्यांनी 'काचा नागा' अशी नोंद दिली. हिंदी-मराठी कानाला हा शब्द 'कच्चा' असाच ऐकू येतो, म्हणजे अर्धवट नागा, कमअस्सल नागा. शब्दाचा उगम काहीही असो, या लोकांनी स्वतःला कधी तसं म्हटलं नव्हतं आणि त्यातली हेटाळणी त्यांना खुपत होती. शिवाय एकाच कुळातल्या भावंडांची 'काबुई' आणि 'काचा नागा' अशी दोन वेगळ्या खात्यांत विभागणी झाल्यामुळे कागदावर ती परकीच ठरली.

माकुइलोंगदीची आठवण

आपण सगळे एकाच ठिकाणचे, ही समजूत मात्र १९४७ पेक्षा पुष्कळ जुनी आहे. तिचं केंद्र म्हणजे माकुइलोंगदी. आजच्या मणिपूरच्या सेनापती जिल्ह्यातलं हे ठिकाण. अनेक नागा जमातींप्रमाणे झेलियांगरोंगांच्या मौखिक परंपरेतही पूर्वज माखेल इथून निघाल्याचं सांगितलं जातं. पुढे त्यांच्या पूर्वजांनी माकुइलोंगदी वसवलं. ते इतकं भरभराटीला आलं की तिथे सात हजारांहून अधिक घरं होती, असं कथा सांगते. आकडा अर्थातच कथेतला आहे, जनगणनेतला नव्हे. तो समाजाच्या मनात या गावाला असलेलं मोठेपण सांगतो.

मग लोकसंख्या वाढली, गावप्रमुखाच्या मुलांमध्ये वारशावरून बेबनाव झाला आणि लोक पांगले. रोंगमेई दक्षिणेकडे गेले, झेमे पश्चिमेकडच्या डोंगरांत उतरले, लियांगमाई उत्तरेकडे राहिले. जमातींच्या नावांचे अर्थही या दिशांशी जोडून सांगितले जातात. रोंगमेई म्हणजे दक्षिणेचे लोक, हा अर्थ सर्वांत प्रचलित आहे.

इतिहासकार अशा कथांकडे सावधपणे पाहतात. गांगमुमेई कामेई (१९३९–२०१७) हे स्वतः रोंगमेई असलेले मणिपूरचे इतिहासकार. माखेलपासून राणी गाईदिन्ल्यूंपर्यंतचा झेलियांगरोंग इतिहास त्यांनी ग्रंथरूपात मांडला, तेव्हा त्यांना मौखिक परंपरा, मणिपूरच्या राजदरबाराच्या बखरी आणि ब्रिटिश दप्तर यांची सांगड घालावी लागली. लिपी नसलेल्या समाजाचा इतिहास लिहिण्याचं काम असंच असतं. आज या भाषा रोमन लिपीत लिहिल्या जातात.

आज हे लोक कुठे आहेत?

नकाशा समोर ठेवला तर मणिपूरचा पश्चिम भाग, नागालँडचं दक्षिण टोक आणि आसामच्या दिमा हासाओ जिल्ह्याचा पूर्व भाग हे तिन्ही एकमेकांना चिकटून आहेत. हा सलग डोंगराळ पट्टा म्हणजे झेलियांगरोंगांचा मुलूख. मणिपूरमध्ये तामेंगलोंग आणि २०१६ मध्ये त्यातून वेगळा झालेला नोने हे त्यांचे मुख्य जिल्हे. २०११ च्या जनगणनेत, म्हणजे विभाजनाआधी, तामेंगलोंगची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार होती. सेनापती-कांगपोकपीच्या डोंगरांत लियांगमाई आहेत. इंफाळ शहराच्या आत आणि भोवताली रोंगमेईंच्या जुन्या वस्त्या आहेत. नागालँडमध्ये २००४ साली कोहिमातून वेगळा झालेला पेरेन हा त्यांचा जिल्हा, तिथे झेमे आणि लियांगमाई राहतात. आसाममध्ये दिमा हासाओत झेमे, तर बराक खोऱ्यातल्या कछारमध्ये रोंगमेई आहेत.

राज्य बदललं की शेजाऱ्यांशी बोलायची भाषाही बदलते. नागालँडमधला झेमे दुसऱ्या जमातीच्या माणसाशी नागामीज बोलतो. ही आसामी भाषेवर आधारलेली बाजारभाषा आहे. मणिपूरमधला रोंगमेई मैतेई बोलतो. दिमा हासाओमधला झेमे 'हाफलोंग हिंदी' बोलतो, म्हणजे व्याकरणाचा भार उतरवून ठेवलेली, त्या डोंगरांतच घडलेली हिंदी. झेमे, लियांगमाई आणि रोंगमेई या भाषा एकाच तिबेटो-बर्मी शाखेतल्या आणि एकमेकींच्या जवळच्या आहेत. पण तिन्हींची मिळून एक प्रमाण भाषा अजून तयार झालेली नाही.

गाव आणि सण

पूर्वी प्रत्येक गाव म्हणजे जवळजवळ एक स्वतंत्र राज्य होतं. गावचा कारभार ज्येष्ठांची सभा पाहायची. कुळं ठरलेली होती आणि एकाच कुळात लग्न होत नसे. कामेई, गांगमेई, गोनमेई अशी आज आडनावांसारखी वापरली जाणारी नावं ही मुळात रोंगमेई कुळांची नावं आहेत. अविवाहित मुलांसाठी रात्री एकत्र राहण्याचं घर असे, रोंगमेईंमध्ये त्याला खांगचू म्हणत. मुलींसाठी वेगळं घर असे. शेतीची सामूहिक कामं, गाणी, नृत्य, गावाचं रक्षण हे सगळं मुलं तिथेच शिकत. चर्च आणि शाळा आल्यावर ही घरं ओस पडत गेली.

सणांमध्ये रोंगमेईंचा गान-ङाई सर्वांत मोठा. मणिपुरी पंचांगातल्या वाकचिंग महिन्याच्या तेराव्या दिवशी, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीत, तो सुरू होतो. सुगी संपलेली असते, कोठारं भरलेली असतात. लाकूड आणि बांबू एकमेकांवर घासून नवा अग्नी पेटवला जातो आणि तो घरोघर नेला जातो. सरलेल्या वर्षात जी माणसं गेली त्यांचा निरोपही याच सणात घेतला जातो. त्यांच्यासाठी अन्न वाहतात आणि त्यांच्या नावाने नृत्य होतं. हा भाग शोकाचा असला तरी सण आनंदाचाच राहतो. मणिपूरमध्ये या सणाला सार्वजनिक सुट्टी असते. झेमेंचा आणि लियांगमाईंचा वर्षाचा सणक्रम वेगळा आहे. लियांगमाईंचा मोठा सण चागा-ङी ऑक्टोबरच्या अखेरीस येतो.

रिकामी वाटलेली जमीन

झेमेंची एक जुनी पद्धत पुढच्या अनेक वादांच्या मुळाशी आहे, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी. डोंगरउतारावर जंगल तोडून, जाळून, काही वर्षं पीक घ्यायचं आणि मग ती जमीन पडीक सोडायची, याला ईशान्येत झूम शेती म्हणतात. सह्याद्रीतल्या आदिवासींची कुमरी शेती साधारण याच जातीची. झेमे मात्र फक्त शेत बदलत नसत, अनेकदा अख्खं गावच हलवत. एका जागेभोवतीची जमीन थकली की गाव आपल्याच दुसऱ्या जुन्या जागी जाई आणि पहिल्या जागेवर पुन्हा जंगल वाढू देई. बऱ्याच वर्षांनी गाव परत येई. म्हणजे सोडलेली जागा ही सोडून दिलेली नसे. तिथे पूर्वजांची दगडी थडगी असत, हद्दी ठरलेल्या असत आणि ती कोणत्या गावाची हे सगळ्यांना ठाऊक असे.

ब्रिटिश अधिकाऱ्यांना मात्र तिथे फक्त रिकामं जंगल दिसलं. अशा जागांवर कुकी आणि इतर समूहांच्या वस्त्या झाल्या. झेमेंची गावं परत यायला निघाली तेव्हा जागा भरलेल्या होत्या. मग आहे त्याच जमिनीवर वारंवार पीक घ्यावं लागलं, माती खंगली, उपासमार वाढली. हा सगळा व्यवहार उर्सुला ग्रॅहॅम बोअर या ब्रिटिश स्त्रीने बारकाईने नोंदवून ठेवला. त्या १९३९-४० च्या सुमारास उत्तर कछारमधल्या लाइसोंग या झेमे गावी राहायला गेल्या आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यावर नजर ठेवणाऱ्या झेमे टेहळ्यांच्या तुकडीचं नेतृत्वही त्यांनी केलं. त्यांच्या लिखाणात झेमेंबद्दल जिव्हाळा आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं म्हणणं त्यात कमी येतं. कुकी गावांची बाजू वेगळी आहे. त्यांच्या दृष्टीने त्यांच्याही पिढ्या त्याच मातीत वाढल्या आणि गेल्या.

जादोनांग आणि गाईदिन्ल्यू

'झेलियांगरोंग' हा शब्द जन्माला येण्याआधीच ती कल्पना राजकारणात आणणारा माणूस होता हायपोउ जादोनांग, आजच्या नोने जिल्ह्यातल्या पुइलोन गावचा रोंगमेई तरुण. १९२० च्या दशकात डोंगरी गावांवर घरटी वार्षिक घरपट्टी होती, सरकारी सामान वाहण्याची वेठबिगार होती. १९१७–१९ च्या कुकी-ब्रिटिश संघर्षात झेलियांगरोंग गावांना झळ बसली होती आणि ब्रिटिशांनी आपलं रक्षण केलं नाही ही भावना ताजी होती. जादोनांगने सुरुवात धर्मापासून केली. जुन्या धर्मात निषेधाचे दिवस फार होते. अमुक घडलं की शेतात जायचं नाही, तमुक घडलं की गावाबाहेर पडायचं नाही. त्यातले अनेक त्याने मोडीत काढले, टिंगकाओ रागवांग या सर्वोच्च देवाची उपासना पुढे आणली, देवळं उभारली आणि कछारमधल्या भुबन गुहेची यात्रा सुरू केली.

त्याचा पेहराव, घोड्यावरून फिरणं, हे सगळं साहेबांच्या डोळ्यांवर येत होतं. १९२८ च्या सुमारास एका ब्रिटिश अधिकाऱ्यासमोर घोड्यावरून उतरायला आणि हॅट काढायला त्याने नकार दिला. त्यासाठी त्याला काही दिवस कोठडी झाली. त्यानंतर त्याचा लौकिक वाढलाच. रोंगमेई, झेमे आणि लियांगमाई या सगळ्यांचं मिळून 'माकाम'चं राज्य येईल असं तो सांगत होता. फेब्रुवारी १९३१ मध्ये भुबन गुहेहून परतताना त्याला कछारमध्ये अटक झाली. मणिपुरी व्यापाऱ्यांच्या खुनाचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला आणि २९ ऑगस्ट १९३१ रोजी इंफाळच्या तुरुंगामागे नांबुल नदीकाठी त्याला फाशी देण्यात आली. तो तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता.

चळवळ पुढे गेली ती गाईदिन्ल्यूंकडे. २६ जानेवारी १९१५ रोजी जन्मलेल्या आणि तेराव्या वर्षापासून जादोनांगसोबत असलेल्या गाईदिन्ल्यू त्या वेळी सोळा वर्षांच्या होत्या. कर भरू नका, वेठबिगार करू नका, हा त्यांचा साधा संदेश होता. मणिपूर, नागा हिल्स आणि उत्तर कछार या तिन्ही भागांतली गावं त्यांना लपवत होती. आज जी तीन राज्यं झेलियांगरोंगांना विभागतात, तोच मुलूख त्यांनी पायी पालथा घातला. आसाम रायफल्सने १७ ऑक्टोबर १९३२ रोजी पुलोमी गावात त्यांना पकडलं. जन्मठेप झाली. १९३७ मध्ये शिलाँगच्या तुरुंगात जवाहरलाल नेहरू त्यांना भेटले. त्यांच्याविषयी लिहिताना नेहरूंनी वापरलेला 'राणी' हा किताब कायमचा चिकटला. सुटका व्हायला १९४७ उजाडलं, आणि त्यानंतरही १९५२ पर्यंत त्यांना आपल्या गावी परतता आलं नाही.

शालेय पुस्तकांतली गोष्ट बहुधा इथे संपते. खरा पेच इथून पुढे आहे. नागा नॅशनल कौन्सिल तेव्हा भारतापासून स्वतंत्र नागा देश मागत होती. गाईदिन्ल्यूंना ते मान्य नव्हतं. त्यांना भारताच्या चौकटीतच झेलियांगरोंगांचा एकसंध प्रशासकीय प्रदेश हवा होता. शिवाय बहुतेक नागा जमाती ख्रिस्ती होत असताना त्या जुन्या धर्माचं पुनरुज्जीवन करत होत्या. दोन्ही कारणांनी नागा राष्ट्रवाद्यांशी त्यांचं बिनसलं आणि १९६० मध्ये त्या पुन्हा भूमिगत झाल्या. या वेळी त्यांचा सामना ब्रिटिशांशी नव्हता, आपल्यातल्याच लोकांशी होता. १९६६ मध्ये समझोता होऊन त्या जंगलातून बाहेर आल्या. पुढे ताम्रपट मिळाला, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १७ फेब्रुवारी १९९३ रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर टपाल तिकीट निघालं, नाणं निघालं, तटरक्षक दलाच्या जहाजाला त्यांचं नाव मिळालं.

कोहिमात मात्र चित्र वेगळं होतं. २०१५ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीच्या वेळी तिथे त्यांच्या स्मरणार्थ ग्रंथालय आणि सभागृह बांधण्याचा बेत जाहीर झाला, तेव्हा नागालँडमधल्या अनेक संघटनांनी आणि चर्चशी संबंधित गटांनी त्याला कडाडून विरोध केला. दिल्लीत स्वातंत्र्यसेनानी ठरलेल्या व्यक्तीचं स्मारक नागालँडच्या राजधानीत नको, असं नागाच म्हणत होते. नंतर मणिपूरमध्ये त्यांच्या जन्मगावी, लुआंगकाओ इथे, आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचं संग्रहालय त्यांच्या नावाने उभारायचं ठरलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची पायाभरणी झाली.

एक समाज, अनेक देव

आज बहुसंख्य झेलियांगरोंग ख्रिस्ती आहेत. पण जादोनांग-गाईदिन्ल्यूंची परंपरा मानणारे दोन प्रवाह टिकून आहेत. पहिला हेराका, तो मुख्यतः आसामच्या आणि नागालँडच्या झेमेंमध्ये आढळतो. दुसरा टिंगकाओ रागवांग चापरिआक. १९९४ मध्ये त्याची संघटना उभी राहिली आणि मणिपूरच्या रोंगमेईंमध्ये त्याचा प्रभाव आहे. जुन्या पद्धतीने बळी आणि विधी करणारे थोडे लोक अजूनही आहेत. एकाच कुटुंबात एक भाऊ बॅप्टिस्ट, दुसरा हेराका असं दृश्य दुर्मीळ नाही.

हिंदुत्ववादी संघटना हेराकाला व्यापक हिंदू परंपरेचा भाग मानतात आणि त्यांनी तिथे शाळा-वसतिगृहांच्या रूपाने बरंच काम उभं केलं आहे. चर्चला यात आपल्या विरोधातली फळी दिसते. हेराका मानणाऱ्यांमध्येही आपण नेमके कोण, यावर चर्चा चालूच असते. बाहेरच्या कोणत्याही खान्यात हा धर्म अलगद बसत नाही, एवढं तरी स्पष्ट आहे. त्याचा देव जुना आहे, देऊळ नवं आहे आणि त्याची प्रार्थनासभा चर्चच्या रविवारसभेशी साम्य दाखवते. गान-ङाईच्या वेळीही हा ताण जाणवतो. काहींसाठी तो धार्मिक सण आहे, ख्रिस्ती रोंगमेईंसाठी सांस्कृतिक.

तीन राज्यांच्या तीन याद्या

आरक्षण, शिष्यवृत्ती, नोकरी, जमिनीचे हक्क या सगळ्यांसाठी जातप्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणपत्रावर तेच नाव येतं जे राष्ट्रपतींच्या आदेशातल्या अनुसूचित जमातींच्या यादीत असतं. ही यादी प्रत्येक राज्यासाठी वेगळी असते.

मणिपूरच्या यादीत दशकानुदशकं 'काबुई' आणि 'काचा नागा' हीच नावं होती. म्हणजे १९४७ मध्ये जी नावं टाकून द्यायची ठरली, तीच स्वतंत्र भारताच्या कागदावर कायम राहिली. घरात रोंगमेई आणि दाखल्यावर काबुई असा दुहेरी संसार दोन पिढ्यांनी केला. अखेर २०११ च्या घटना (अनुसूचित जमाती) आदेश दुरुस्ती कायद्याने इनपुई, रोंगमेई, लियांगमाई आणि झेमे ही नावं यादीत घातली. यात एक मेख आहे. जमाती आपापल्या नावाने मान्य झाल्या, 'झेलियांगरोंग' मात्र त्यात नव्हतं. प्रत्येकाची स्वतंत्र नोंद झाल्यावर प्रत्येकाची स्वतंत्र संघटना बळकट झाली आणि सामायिक नावाची पकड काहीशी सैल झाली. जे नाव जोडण्यासाठी जन्माला आलं, त्याला सरकारी यादीत जागाच नाही.

नागालँडची राष्ट्रपतींची यादी फार थोडक्यात आटोपते. त्यात 'नागा' एवढं एकच नाव आहे आणि सोबत कुकी, कछारी, मिकिर, गारो. पण राज्याच्या व्यवहारात कोण मूळचा रहिवासी, हे मान्यताप्राप्त जमातींच्या नावांवरून ठरतं. तिथे झेमे आणि लियांगमाई मिळून 'झेलियांग' आहेत. माजी मुख्यमंत्री टी. आर. झेलियांग यांच्या आडनावातून ते देशाला माहीत झालं. यात 'रोंग' नाही. नागालँडमध्ये पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या रोंगमेईंनी मान्यता मागितली आणि २०१२ मध्ये राज्य सरकारने ती दिली. १ डिसेंबर १९६३ रोजी, म्हणजे राज्य स्थापन झालं तेव्हा, जे तिथे स्थायिक होते त्यांच्यापुरतीच ती होती. त्यालाही विरोध झाला, विशेषतः अंगामी संघटनांकडून. आज थोड्यांना दार उघडलं तर उद्या मणिपूरहून रीघ लागेल, ही भीती होती. २०१७ मध्ये मान्यता रद्द झाली. रोंगमेई नागा आहेत याबद्दल कोणालाच शंका नव्हती. ते नागालँडचे आहेत का, एवढाच वाद होता.

आसामच्या डोंगरी जिल्ह्यांच्या यादीत तर 'कोणतीही नागा जमात' असा सरसकट उल्लेख आहे. तिथला प्रश्न प्रमाणपत्राचा नव्हता, जिल्ह्याच्या नावाचा होता. उत्तर कछार हिल्स हा राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीखालचा स्वायत्त जिल्हा. दिमासा हा तिथला सर्वांत मोठा समूह. २००९ मध्ये दिमासा आणि झेमे यांच्यात भीषण हिंसाचार झाला, गावं जळली, माणसं मेली, हजारोंना आसरा शोधावा लागला. जखमा ओल्या असतानाच २०१० मध्ये जिल्ह्याचं नाव 'दिमा हासाओ' झालं. बिगर-दिमासांच्या कानाला ते 'दिमासांचे डोंगर' असंच ऐकू आलं. झेमे, कुकी, हमार अशा एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या समूहांनीही एकत्र येऊन त्याला विरोध केला आणि जिल्ह्याच्या विभाजनाची मागणी केली. जिल्ह्याचं नाव आजही दिमा हासाओच आहे.

एकत्र प्रदेशाची मागणी

तिन्ही राज्यांतला सलग पट्टा एका प्रशासनाखाली आणावा, ही गाईदिन्ल्यूंची मागणी आजही अधूनमधून पुढे येते. ती मान्य होणं अवघड आहे आणि त्याचं कारण केवळ दिल्लीची अनास्था नाही. मणिपूरमधल्या मैतेईंना राज्याच्या सीमेला हात लावणं मुळीच मान्य नाही. सगळ्या नागांचा एक 'नागालिम' मागणाऱ्या एनएससीएन (आयएम) या संघटनेच्या दृष्टीने वेगळा झेलियांगरोंग प्रदेश म्हणजे नागा एकतेला तडा. २०११ मध्ये झेलियांगरोंग युनायटेड फ्रंट ही सशस्त्र संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या चकमकी सुरक्षादलांपेक्षा नागा गटांशीच जास्त गाजल्या. नागा म्हणून एक व्हायचं की झेलियांगरोंग म्हणून, हा प्रश्न या समाजासमोर जादोनांगच्या काळापासून आहे. बहुतेक लोक दोन्ही ओळखी सोबत बाळगतात आणि प्रसंग पाहून जी पुढे करायची ती करतात.

सीमा जोडण्याचं काम राजकारणाने केलं नाही, ते थोडंफार रस्त्याने केलं. २०१२ मध्ये तामेंगलोंगमधले तरुण सनदी अधिकारी आर्मस्ट्राँग पामे, झेमे समाजातले पहिले आयएएस, यांनी सरकारी निधीची वाट न पाहता गावकऱ्यांच्या श्रमदानातून आणि समाजमाध्यमांवर मागितलेल्या देणग्यांतून सुमारे १०० किलोमीटरचा रस्ता काढायला घेतला. आजारी माणसाला बांबूच्या डोलीतून दिवस दिवस वाहून नेणाऱ्या तौसेम भागातल्या गावांना त्याने पहिल्यांदा वाहन दिसलं. 'लोकांचा रस्ता' म्हणून तो ओळखला जातो. मणिपूरच्या झेलियांगरोंग गावांना आसाम आणि नागालँडच्या बाजूच्या गावांशी तो जोडतो.

त्याच डोंगरांतून आता जिरिबाम-इंफाळ रेल्वेमार्ग काढला जातो आहे. नोनेजवळ इजाई नदीवर या मार्गाचा १४१ मीटर उंचीच्या खांबांवरचा पूल आहे. याच मार्गावरच्या काइमाई रोड या स्थानकाला आता नवं नाव मिळालं आहे: राणी गाईदिन्ल्यू.